भरपूर वेळ

"तुमची अट आम्हाला..." एवढं बोलून मी अडकले.

"मान्य आहे, असंच ना मॅडम?" स्क्रीनवरचा ॲपवाला साहेब मदतीला धावला.

मी कॅमेऱ्यासमोर हात आडवा धरला. आमच्या ग्रुपमध्ये सगळेच बोलताना अडखळणारे. दर रविवारी ऑनलाइन जमून आम्ही एकमेकांना कथा वाचून दाखवतो. ग्रुप मी काढला तेव्हा नियम एकच केला: कुणाचं अडलेलं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं नाही. साहेबाला आमची वाचनं त्याच्या ॲपवर हवी होती, पण आमचं अडखळणं कापून. "ऐकणाऱ्यांना एवढा वेळ कुठे असतो हो?" म्हणे.

शब्द घशात रुतून बसला होता. बाकीच्या चौकोनांतून माझी माणसं नुसती बघत होती. साहेबाने पुन्हा तोंड उघडलं, तसे आमचे पोस्टमनकाका कडाडले, "त्या बो... बोलताहेत ना अजून!"

शाळेत बाई माझं वाक्य पुरं करायच्या. दुकानात नवरा करतो. लग्नालासुद्धा माझ्या वतीने मामाच 'हो' म्हणून मोकळा झाला होता. आजचा होकार मात्र मी कुणाला देऊ देणार नव्हते.

"...ना... नामंजूर आहे. ऐकायचं तर अ... अडखळण्यासकट ऐका."

साहेबाचा चेहरा पडला. "पण मॅडम... म्हणजे आम्ही... ते..." पुढचं त्याला सुचेना.

सवयीने आम्ही सगळे शांत बसून राहिलो. कुणीही त्याला शब्द पुरवला नाही.

"सावकाश बोला," मी म्हणाले. "आम्हाला भरपूर वेळ आहे."