ओल्या हातात चावी

तलासरीजवळच्या पाड्यावरच्या नविनला ट्रक चालवायचं लायसन मिळालं आणि लगेच चारोटीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरीही लागली. आईने आनंदाने सगळ्या पाड्यात गूळ वाटला. कंपनीत मात्र मॅनेजर शैलेशभाई त्याला नुसत्या गाड्या धुवायला लावत. "आधी गाडी ओळख, मग स्टेअरिंग धर," म्हणत. एका दुपारी ते घाईघाईने आले आणि त्यांनी त्याच्या ओल्या हातात चावी ठेवली. "चल, आजपासून ही गाडी तुझी." नविन खुशीत त्यांच्या जीपमध्ये बसला. थोडं पुढे हायवेवर कंपनीचा ट्रक उभा होता. त्याच्या चाकाखाली एक सायकल चिरडली गेली होती आणि टोपलीतले चिकू रस्ताभर पसरले होते. "सायकलवाल्याला कासाच्या दवाखान्यात नेलंय," शैलेशभाई हळूच म्हणाले. "पोलिस येतायत. गाडी तू चालवत होतास, एवढंच सांग. आपल्या ड्रायव्हरकडे लायसन नाही." "म्हणून मला कामावर ठेवलंत?" नविनने विचारलं. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. "ड्रायव्हर कोण?" हवालदाराने विचारलं. नविनने चावी हवालदारापुढे धरली. "साहेब, ही मला आत्ताच दिली. ट्रक मी चालवत नव्हतो." शैलेशभाईंनी त्याला तिथेच कामावरून काढलं. जबाब देऊन नविन थेट कासाच्या दवाखान्यात गेला. बाकड्यावर सायकलवाल्याची बायको बसली होती. तिच्याशेजारी बसत तो म्हणाला, "ताई, मी त्या ट्रकच्याच कंपनीत होतो. कोर्टात साक्ष द्यायला मी येईन."