तक्रारीचं पान

"पांढरंच आहे गं अजून," बुरुल फोनवर म्हणाली. "मधे नुसती चकती फिरतेय. जात्यासारखी."

"पान पुन्हा उघडून पाहिलंत का, आई?" बिश्केकच्या ईमेल मदतकेंद्रातल्या मुलीने विचारलं. तिने आपलं नाव मीरगुल सांगितलं होतं.

"पाहिलं. आणि आई नको म्हणूस. ताई म्हण."

"बरं, ताई. संगणक एकदा पूर्ण बंद करून चालू करा. मी थांबते."

बुरुलने तेवढ्यात रेडिओ बारीक केला. रोज दुपारी एक म्हातारा कोमुझच्या तारा छेडत उपदेशाची गाणी म्हणायचा. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून यायचे, आणि एकही दिवस ती ते चुकवत नसे. पण आजचं काम निकडीचं होतं.

एकेचाळीस दिवसांत एकेचाळीस पत्रं आली होती. सगळी एकाच अनोळखी पत्त्यावरून. पत्ता म्हणजे नुसते आकडे. प्रत्येकावर तेच शब्द: आई, एकदा वाच. प्रत्येकाला काहीतरी जड जोडलेलं. असली पत्रं उघडू नका, असं रेडिओवर बजावून सांगत होते. शेजारच्या सायराने एक उघडलं आणि तिचा फोनच कामातून गेला. बुरुलने एकालाही बोट लावलं नव्हतं. पुसायला गेलं आणि चुकून उघडलं तर, ही धास्ती.

पण पेटी भरत आली होती. ती भरली की नवं पत्र आल्या पावली परत जातं, असं पोस्टातला माणूस म्हणाला होता. आणि ती एका पत्राची वाट पाहत होती.

धाकटा दीर कुबात कोरियात भाजीच्या हरितगृहात कामाला होता. सासू शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा आला, ती गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणापर्यंत राहिला. त्या दिवशी पाहुणे उठून गेल्यावर तो बुरुलकडे बराच वेळ बघत बसला. मग चहा तसाच ठेवून निघून गेला. तेव्हापासून त्याचा फोन लागत नव्हता. आपलं काय चुकलं, हे तिला कळत नव्हतं. नमाजाला बसली की ती दुसरं काही मागत नसे, एवढंच मागायची: त्याच्या दोन ओळी येऊ देत.

"झाला चालू," ती म्हणाली. "चकती आहेच."

"मग जुनी साठलेली पानं पुसू. घरात कोणी आहे का मदतीला?"

"गाय आहे. पण तिचं शिक्षण झालेलं नाही."

मीरगुल हसली. तिने एकेक बटण सांगितलं, बुरुलने चष्मा नाकावर सरकवत एकेक दाबलं. पान पांढरंच राहिलं.

"एवढं कुणाच्या पत्रासाठी चाललंय, ताई?"

"धाकट्याच्या." सासरच्या माणसाचं नाव तिने कधी तोंडाने घेतलं नव्हतं. "माझा दीर. सगळे त्याला सासूचं शेंडेफळ म्हणतात. मी लग्न होऊन आले, त्याच्या पुढच्या वर्षीचा."

"मग तुम्हीच वाढवला म्हणा की."

"छे. सासूबाईंनी कुणाच्या हाती दिला नाही. मी आपली त्याचे कपडे धुवायची."

"आणि तुमची मुलंबाळं?"

"तू ते पान बघ," बुरुल म्हणाली. "मला आई म्हणणारं कुणी नाही. म्हणून तर एका नजरेत ओळखलं, पत्रं खोटी आहेत."

पलीकडे कळफलकाची टकटक झाली.

"ताई, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

"एक जानेवारी, दोन हजार नऊ."

"हेच ते. वीज गेली की तुमच्या संगणकाचं घड्याळ मागे जातंय. त्याला वाटतंय अजून तेच साल आहे. आमचं पान अशा संगणकाशी बोलत नाही."

"त्याचं बरं चाललंय. तेव्हा माझे गुडघे दुखत नव्हते."

तारीख बदलली. चकती थांबली आणि तक्रारीचं पान लख्ख उघडलं. बुरुलला इतका आनंद झाला की तिने गाईला हाक मारून सांगितलं.

"आता एकेचाळीसही पत्रांपुढच्या चौकोनात खूण करा. उघडायचं काही नाही. मग खालचं लाल बटण. पत्रं तुमच्याकडून पुसली जातील, तो पत्ता कायमचा बंद होईल, आणि पाठवणाऱ्याला कळवलं जाईल की ही पत्रं घेणाऱ्याला नको आहेत. हे परत फिरवता येत नाही हं."

"नकोच आहेत."

"बिस्मिल्ला" म्हणून तिने बटण दाबलं. पेटी रिकामी झाली. धाकट्याच्या पत्राला आता भरपूर जागा होती.

"मिळाली तक्रार," मीरगुल म्हणाली. "फोन ठेवू नका, ताई. फसवणूक कुठल्या प्रकारची ते मला नोंदवायचंय. शेवटचं पत्र उघडते. जोडलेला फोटो आहे एक. कुणीतरी तरुण, काचेच्या छपराखाली उभा."

"वाच की. काय लबाडी आहे, ऐकू दे."

मीरगुल वाचू लागली, आधी भराभर, मग हळू.

"'आई, म्हातारीने जाताना मला सांगितलं की पहिलं मूल सासूला द्यायची आपली रीत म्हणून तू मला तिच्या ओटीत घातलंस. जन्मभर तुला वहिनी म्हटलं, आता एकेचाळीस दिवस आई म्हणून बघतोय. तुला ते नको असेल तर तसं कळव, मी पुन्हा लिहिणार नाही. तुझा, कुबात.'"