अळणावरकर

धारवाडच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यावरचं ऑफिस सॉफ्टवेअर संजीवला बाळाचार्यांनीच शिकवलं होतं, एकेक फ्लॉपी हातात देऊन. आता दोघंही निवृत्त. संजीवनं त्या जुन्या सॉफ्टवेअरचा इतिहास दर रविवारी फेसबुकवर लिहायला घेतला आणि लोक त्याला डोक्यावर घेऊ लागले.

"शिकवलं मी, आणि इतिहासकार हा," असं म्हणत बाळाचार्य घरभर धुसफुसायचे. शेवटी त्यांनी 'अळणावरकर' अशा खोट्या नावानं खातं उघडलं आणि दर रविवारी लेखाची पिसं काढायला सुरुवात केली. ही आवृत्ती त्या साली आलीच नव्हती. पत्र छापायची कळ ही नव्हेच. कुणी शिकवलं हो तुम्हाला? संजीव मुकाट्यानं आभार मानायचा आणि चूक दुरुस्त करायचा.

वर्षभरानं त्या लेखांचं पुस्तक झालं. प्रकाशनाला बाळाचार्य पहिल्या रांगेत बसले होते. संजीव माईकवर म्हणाला, "या पुस्तकात चूक सापडणार नाही, ते एका माणसामुळं. मुखपृष्ठावर त्यांचं नाव माझ्या आधी छापलंय. अळणावरकर अण्णा, आला असाल तर वर या की."

टाळ्या थांबेनात. उठावं, तर वर्षभर ओकलेलं सगळं आपलंच म्हणून कबूल करावं लागणार होतं. बाळाचार्यही टाळ्या वाजवत राहिले.

 

संजीवचा हेवा आता कुठल्या कुठे गेला होता. त्यांना हेवा वाटत होता अळणावरकराचा.