पहिला प्रश्न

आमच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्थेच्या जाहीर व्याख्यानात पहिला प्रश्न नेहमी सामान्य श्रोत्याचा असतो. मागच्या वर्षी पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं होतं, "सर, माझा मुलगा तिकडे सीमेजवळच्या शहरात नोकरीला आहे. युद्ध होईल का हो? परत बोलावून घेऊ त्याला?"

संचालक हसले होते. "अहो मावशी, माझी मुलगी त्याच शहरात शिकतेय. मी बोलावलंय का तिला?"

टाळ्या पडल्या. महिन्याभरात तिथे बॉम्ब पडले.

आज मावशींनी पुन्हा हात वर केला, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाईंचा मुलगा गेला असणार. आता त्या सरांचे वाभाडे काढणार.

माइक हातात घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "सर, रागावू नका, पण मी तेव्हा तुमचं ऐकलं नाही. मुलाला लगेच बोलावून घेतलं. हा काय, शेजारीच बसलाय. तुमच्या मुलीचा मात्र अजून पत्ता नाही म्हणतात. येईल ना हो ती परत?"

संचालकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.



"शक्यता," ते सवयीने म्हणाले, "नाकारता येत नाही."