विहिरीची पाळी

थोरल्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षी धाड गावाजवळच्या मळ्यात राहणारी अश्विनी रेस्ट वेब सर्व्हिस शिकायला लागली. म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता टाकून माहितीची मागणी करायची आणि सर्व्हरनं उत्तर द्यायचं. बाबा मोतीराम आणि उत्तमकाकांच्या सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी कोणाची, हे तिला मोबाइलवर दाखवायचं होतं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जमलं नाही तर कोर्स बंद, असं बाबांनी बजावलं होतं.

आखाजी उजाडली. पितरांची घागर पुजून झाली.

"काऊन वं, बोलली नाही तुही विहीर?" बाबांनी चिडवलं.

"तुम्हीच विचारा."

बाबांनी मोबाइलवर बोट टेकवलं. क्षणात उत्तर आलं, 'पाळी: मोतीराम.'

"पोरीनं विहीर बोलती केली बे उत्तम!" बाबा भावाला ओरडून म्हणाले. "शिक पोरी, आता तुले कोणी अडवत नाही."

सगळे हसत होते. अश्विनीनं आनंदाच्या भरात पुन्हा मागणी केली.

'पाळी: मनकर्णाबाई.'

तिनं दोनच नावं भरली होती. सगळा कोड पाहिला, हे नाव कुठंच नव्हतं.

घरातली सगळी माणसं ओसरीवर होती. तिकडं विहिरीवरची मोटर सुरू झाली.

मनकर्णाबाई, मोतीरामची आई, अश्विनीची आजी, गेल्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी वारली.