खिडकीतलं जाळं

पाचव्या मजल्यावरून पडलेली चप्पल हातात घेऊन रेहेमा धापा टाकत जिना चढून वर आली. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची.

"पहाटे माझ्या पत्र्यावर आदळली," ती झुहुराला म्हणाली. "काळजात धस्स झालं माझ्या. तुझ्या बाबांची ना?"

"हो, त्यांचीच." झुहुरानं चप्पल तिच्या हातातून काढूनच घेतली. "मांजरानं ढकलली असेल, मावशी."

"मांजर कधी आणलंस तू?"

"याच आठवड्यात. दवाखान्यामागं सापडलं. फार बुजरं आहे. माझ्या खोलीत कपाटाखाली बसून असतं."

"मग खिडकी लावून घे बाई. आज चप्पल पडली, उद्या ते पडेल."

मार्च महिन्यात मोंबासात खिडक्या लावायच्या म्हणजे स्वतःला उकडून घ्यायचं. त्यात झुहुराचे वडील फमाऊ जन्मभर होडीवर वारा खाल्लेले. चार महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली आणि झुहुरा त्यांना लामू बेटावरून आपल्याकडे घेऊन आली. तिकडच्या घराची खिडकी गुडघ्याएवढी उंच, पाय टाकला की वाळू. इथली खिडकीही तशीच बुटकी, फक्त वाळू पाच मजले खाली. खिडकी लावली की म्हातारबुवा घासाला हात लावत नसत.

झुहुराची दवाखान्यातल्या नोकरीची रजा संपत आली होती. सोमवारपासून दिवसभर घरात तिचं लक्ष राहणार नव्हतं. त्याआधी खिडकीचा बंदोबस्त झाला नाही, तर एका जिवाचं बरंवाईट होणार, या भीतीनं तिची झोप उडाली होती.

"लोखंडी गज बसव की," रेहेमा म्हणाली.

"गज बसले की मी चाललो लामूला," कोपऱ्यातून फमाऊ म्हणाले. "तुरुंगात राहायला आलोय का मी इथं?"

"आणि गजांमधून मांजर निसटतंच," झुहुरा घाईनं म्हणाली. "बाबा, तुम्ही जाळं विणाल का? वाराही येईल."

हा तोडगा म्हाताऱ्याला पटला. त्यांनी ट्रंकेतून जाळं विणायची लाकडी सुई काढली आणि जमिनीवर मांडी ठोकली.

"भोक केवढं ठेवू? मासा कळल्याशिवाय जाळं विणता येत नाही. मांजराचं डोकं केवढं?"

झुहुरानं दोन्ही हात समोर धरले. फमाऊंनी त्या हातांमधल्या अंतराकडे पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"दांडगं आहे," एवढंच ते म्हणाले.

"आणि दोरी जाड घ्या. शार्क धरायला वापरायचात तसली."

"मांजर पाळलंस की रेडा?" रेहेमा खो खो हसली. "दाखव तरी एकदा."

"आत्ता झोपलंय, मावशी."

चार दिवस विणकाम चाललं. एकेका गाठीसाठी फमाऊ चष्मा शोधत, पण चष्म्याशिवायही त्यांची बोटं चुकत नव्हती. एकदा मध्येच, "तुझ्या आईला म्हणावं, आल्याची कॉफी टाक," असं बोलून गेले आणि पुन्हा गाठीकडे वळले. झुहुरानं कॉफी टाकली.

रविवारी दुपारी जाळं खिडकीवर चढलं. चौकटीला चौदा कड्या होत्या. कडीकडीला फमाऊंनी होडीवरची गाठ मारली. ही गाठ एका हिसक्यात सुटावी लागते, नाहीतर वादळात अडकलेल्या जाळ्याबरोबर होडीही जाते. दुसरी गाठ त्यांना येतच नव्हती. झुहुरानं जाळ्यावर अंग टाकून पाहिलं. जाळं जरासुद्धा हललं नाही. समुद्रावरचा वारा बिनदिक्कत आत येत होता आणि कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

"बाबा, जिवाचा घोर गेला माझ्या," ती म्हणाली.

फमाऊ जाळ्याकडे बघत उभे राहिले. मग पुढं होऊन त्यांनी एकेक टोक ओढलं. चौदाच्या चौदा गाठी सोडल्या. जाळं खाली लोंबलं.

"अहो, हे काय केलंत?"

"कडेच्या गाठी तू मार. दवाखान्यात जखम शिवताना मारतेस ना, तसल्या. मी तोवर खाली रेहेमाकडे बसतो. मला त्या बघायच्या नाहीत."

"तुमच्याच चांगल्या होत्या की. मांजर काय गाठी सोडणार आहे?"

फमाऊ दारापाशी थांबले. लेकीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

"मांजराला नाही सोडता येत, पोरी," ते म्हणाले. "मला झोपेतसुद्धा सोडता येतात."