कांग्याची जोडी

मोम्बासाहून लिंडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं, मोटरसायकलवर एकटाच हिंडून बकारी परतला आणि त्यानं माझ्या हातात कांग्याचं कापड ठेवलं. एकच तुकडा. ते तर जोडीनंच मिळतं: एक कमरेला, एक डोक्यावरून.

"दुसरा कुणाला नेसवलास?"

"अगं, सांगितलं ना, बरोबर कुणीही नव्हतं!"

चार दिवस मी शेजारणींचे वाळत घातलेले कपडे न्याहाळत होते.

शुक्रवारी तो नमाजाला गेल्यावर अंगण झाडताना मोटरसायकलवरची ताडपत्री सरकली. सीटवर दुसरा तुकडा होता, चारी कडांना बारीक टाके घालून बसवलेला. माझ्या तुकड्याच्या कडांचे दोरे अजून लोंबत होते.

 

सवत असती तर भांडता तरी आलं असतं.